कांदेपोहे आणि कुत्र्यांचा भात

प्रिय ताई,

मी ३८ वर्षांची. माहेर सांगली. लग्न होऊन पुण्यात आले, चार वर्षांपूर्वी घटस्फोट झाला, पुणं मात्र सुटलं नाही. वारज्यात भाड्यानं वन बीएचके घेतलाय. विमा कंपनीत क्लेम्सचं काम करते. ऑफिसातली माणसं चांगली आहेत, पण साडेसहानंतर प्रत्येकाला आपापलं घर असतं. मलाही आहे, फक्त त्यात कुणी नसतं.

वधू-वर सूचक मंडळात नाव घातलं, कांदेपोहे झाले. एका स्थळानं "पहिलं का मोडलं ते थोडक्यात सांगता का?" असं विचारून घड्याळात पाहिलं, तेव्हापासून ते बंद केलं. बंगळुरूच्या मैत्रिणीनं सुचवलं, कुत्रा पाळ आणि एखाद्या संस्थेत जायला लाग, माणसं आपोआप भेटतील. म्हणून दीड महिन्यापासून मी रविवारी सकाळी प्राण्यांच्या एका शेल्टरमध्ये जाते. पिंजरे धुणं, भात कालवणं, गोधड्या वाळत घालणं. जुनी मंडळी आपसात हसतात, बोलतात; माझ्याशी 'तो नळ बंद करा'च्या पलीकडे फारसं नाही. एक गृहस्थ आहेत, चाळिशीचे असतील, कुत्र्यांना औषधं देतात. ते एकदा म्हणाले, "त्या काळीच्या पोटाला हात लावू नका, टाके आहेत." ताई, हसू नका, ते एवढंच वाक्य मी दोन आठवडे मनात घोळवतेय.

काळी म्हणजे तीनेक वर्षांची देशी कुत्री. मागचा एक पाय अपघातात गेलाय. मी फाटकातून आत आले की उठून उभी राहते. तिला घरी आणावंसं वाटतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, भाडेकरूंना कुत्रा चालत नाही. आई फोनवर म्हणाली, "आधीच अवघड, त्यात कुत्रं. आता कोण करील तुझ्याशी लग्न?"

आणि एका गोष्टीनं झोप लागत नाही. सगळ्यांना सांगते सेवा करायला जाते, पण मनात असतं ते कुणीतरी भेटावं हेच. हा खोटेपणा नाही का? मुक्या जिवांचा वापर केल्यासारखं वाटतं. चार वर्षांत कुणाकडे काही मागितलं नाही याचा मला अभिमान होता. आता हे असं आडून मागणं.

मला अगं-तुगं करा.

– एक वाचक, वारजे


अगं,

शेवटून सुरुवात करते, कारण तुझी झोप तिथं अडलीय.

तू धुतलेला पिंजरा स्वच्छ झाला का? झाला. भात वेळेवर कालवला गेला का? गेला. मग त्या कुत्र्यांपुरता तुझा हिशेब चुकता आहे. पुण्यातल्या कुठल्याही संस्थेत रविवारी सकाळी जाऊन बघ. एक मुलगा आलेला असतो, त्याला परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला प्रमाणपत्र जोडायचं असतं. एक काका निवृत्त झाल्यापासून घरात बसून फोडणी कशी द्यावी ते काकूंना सांगत होते, म्हणून काकूंनीच त्यांना बाहेर काढलेलं असतं. दहा-बारा जणांना कंपनीनं सारखे टी-शर्ट घालून बसमधून पाठवलेलं असतं. कुणाच्या घरात नुकतं माणूस गेलेलं असतं आणि रविवार अंगावर येत असतो. निखळ हेतूचीच माणसं घ्यायची असं ठरवलं तर निम्म्या संस्थांना उद्या कुलूप लागेल, आणि उरलेल्या निम्म्या इतक्या पवित्र होतील की तिथं चहा मागायची भीती वाटेल.

हेतूत भेसळ चालते, कामात चालत नाही. त्या गृहस्थांची स्कूटर आली का हे बघण्याच्या नादात एखाद्या कुत्र्याचं पाण्याचं भांडं भरायचं राहिलं, तर तो खोटेपणा. दुसरी हद्द काळीची. स्वतःला एकदाच विचार: ते औषधवाले गृहस्थ उद्या नोकरीनिमित्त दुबईला निघून गेले, तर तुला ही कुत्री हवी आहे का? उत्तर 'हो' असेल तर पुढचं वाच. 'नाही' किंवा 'बघू' असेल, तरी रविवारी जात राहा. काळीला मात्र तिथंच राहू दे, तिच्यासाठी दुसरं घर मिळेल.

आता मैत्रिणीचा सल्ला. सल्ला चांगला आहे, पण माणसं आपोआप भेटतात हे काही खरं नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला गेलेली प्रौढ माणसं आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं यांच्या नव्या ओळखी त्यांनी तपासल्या. ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला सुमारे ५० तास लागतात, नीट मित्र व्हायला ९० च्या आसपास आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त, असा त्यांचा अंदाज निघाला. आकडे अमेरिकेतले आहेत, ते पुण्याला जसेच्या तसे लावू नकोस. पुणेकर ५० तासांत फार तर आडनावापर्यंत येतो. पण मापाची कल्पना येते. दीड महिन्याचे सहा रविवार, दर वेळी दोन-अडीच तास धरले तरी तुझे पंधरा तास झाले, आणि त्यातले बहुतेक नळाच्या आवाजात गेले. पंधरा तासांत माणसं 'नळ बंद करा' एवढंच म्हणतात. त्यात तुझं काही चुकलेलं नाही आणि त्यांचंही नाही.

त्यांच्या बाजूनंही बघ. शेल्टरमध्ये वर्षभर नवे चेहरे येत असतात. पहिल्या रविवारी पिल्लांबरोबर फोटो, दुसऱ्या रविवारी उशीर, तिसऱ्या रविवारी घरी पाहुणे. जुनी माणसं म्हणून नव्यांची नावं पाठ करायला उशीर लावतात. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठेत, भवानी पेठेत कसं असतं ते तू पाहिलं असशील. कुणी केळी वाटतं, कुणी वारकऱ्यांचे पाय चेपतं, कुणी तुटलेल्या चपला शिवून देतं. पालखी हडपसरच्या दिशेनं निघाली की सगळे आपापल्या घरी. त्या सेवेचं मोल आहेच, पण तिथं मैत्री होत नाही. मैत्री होते ती आधी आठवडाभर मंडळाच्या खोलीत बसून राजगिऱ्याच्या लाडवांच्या पुड्या बांधणाऱ्यांची. तिथं काम हातानं चालू असतं आणि तोंड मोकळं असतं.

तेव्हा पहिली गोष्ट, काम बदलून माग. पिंजरे धुणं आणि गोधड्या वाळत घालणं ही एकट्यानं करायची कामं आहेत. तू क्लेम्सचं काम करतेस, म्हणजे नीटनेटकी आणि मुकाट असणार, म्हणून तुला तीच मिळाली. दोन माणसांशिवाय होत नाहीत अशी कामं शेल्टरमध्ये भरपूर असतात. गोचिडी काढताना एकजण कुत्र्याला धरतो आणि दुसरा काढतो. खरूज झालेल्या कुत्र्याला औषधी शाम्पूनं आंघोळ घालायची तर तो शाम्पू अंगावर आठ-दहा मिनिटं ठेवावा लागतो, आणि तेवढा वेळ ओल्या कुत्र्याला धरून दोन माणसं काय बोलणार नाहीत? पट्टा लावून फिरवायला दोघं दोन कुत्री घेऊन निघतात. व्यवस्थापकांना सरळ सांग, मला जोडीनं करायचं काम द्या, शिकायचं आहे. कांदेपोह्यांत दोन माणसं समोरासमोर बसून एकमेकांना तपासत असतात. इथं दोघांचंही लक्ष कुत्र्याच्या कानातल्या गोचिडीकडे असतं, त्यामुळे कुणालाच आपण कसे दिसतो हे आठवत नाही. पहिलं का मोडलं, हा प्रश्न अशा जागी कुणी घड्याळ बघून विचारत नाही. सहाव्या महिन्यात तूच सांगशील, तेही मध्येच "अगं, घट्ट धर" म्हणून थांबून.

दुसरी गोष्ट, काम संपल्यावर निघून जाऊ नकोस. हॉल यांच्या त्याच अभ्यासात असंही दिसलं की नुसतं बरोबर काम केल्याचे तास मैत्रीत फारसे धरले जात नाहीत. बरोबर खाणं, गप्पा मारणं, टवाळक्या करणं यांचे तास धरले जातात. मला खात्री आहे की ती मंडळी काम झाल्यावर कुठल्यातरी टपरीवर चहा पितात आणि तू "येते मी" म्हणून रिक्षा बघतेस. हो ना?

रेबीजची प्रतिबंधक लस घेतलीस का? पत्रात उल्लेख नाही म्हणून विचारते. कुत्र्यांत नियमित काम करणाऱ्यांनी चावा बसण्याआधीच ती घ्यायची असते. डॉक्टर वेळापत्रक ठरवून देतील. आणि आधी घेतलेली असली तरी चावा किंवा ओरखडा झाला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, पुढचे डोस असतातच. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. रेबीज एकदा झाला की त्यावर उपाय नाही, म्हणून इथं मी गंमत करणार नाही.

शेल्टर मनाला मानवलंच नाही, तर सेवेला कुत्रीच लागतात असं नाही. उन्हाळ्यात वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर सकाळी पाण्याच्या बाटल्या, कॅन वर नेऊन रोपं जगवणारी माणसं दिसतात. त्यांना आणखी दोन हात नेहमी हवे असतात आणि चढताना बोलणं होतंच. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायला, रेकॉर्ड करून द्यायला वाचक लागतात. सांगलीचा स्वच्छ उच्चार तिथं वाया जाणार नाही. बावधनच्या रेस्क्यू ट्रस्टसारख्या प्राण्यांच्या मोठ्या संस्थाही शहरात आहेत. फक्त एक सुचवते, सोसायटीच्या आवारात भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यापासून सुरुवात करू नकोस. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत त्यासाठी जागा आणि वेळ ठरवून घ्यायची तरतूद आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घाला, रस्त्यावर नको, असं बजावलं. पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत या एका विषयावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत. तुला माणसं जोडायची आहेत, भांडणं नंतर होतीलच.

आता काळी. पाय गेलेली कुत्री तीन पायांवर छान जगतात, धावतातही, ती काळजी तुला नसावी. काळजी घ्यायची ती वजनाची, कारण उरलेल्या मागच्या पायावर आणि कमरेवर सगळा भार येतो. म्हणजे लाडानं तूप-भात नाही. आणि फरशीची. भाड्याच्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर तिचा पाय घसरेल. तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी चटया किंवा जुनी सतरंजी घाल. तू कितव्या मजल्यावर राहतेस आणि लिफ्ट किती वेळा बंद असते, हेही बघ.

एकदम दत्तक घेऊ नकोस. संस्थेला विचार, महिनाभर फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, नेऊ का? त्यात कुणाचीच फसवणूक नाही. शेल्टरमधली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं म्हणतात: पहिले तीन दिवस कुत्रं बावरलेलं असतं, तीन आठवड्यांत घरची वेळ कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. पहिल्या तीन दिवसांत ती पलंगाखालून बाहेर आली नाही, जेवली नाही, तर 'फाटकात उठून उभी राहणारी ती हीच का' असं वाटेल. वाटू दे. तू दिवसाचे नऊ-दहा तास बाहेर असतेस, ही खरी अडचण आहे. पिल्लू असतं तर मी नको म्हटलं असतं. तीन वर्षांची शांत कुत्री दिवसभर झोपते, पण सकाळ-संध्याकाळ तिला फिरवणं आलं, आणि दुपारी एकदा कुणीतरी यायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर निघायचं, दुपारच्या डांबरानं पंजे भाजतात. पावसाळ्यात गोचीड तापाची भीती असते, तेव्हा गोचिडीचं औषध चुकवायचं नाही. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके सुरू झाले की तिला आतल्या खोलीत घेऊन बसायचं. त्या संध्याकाळी तुझे दुसरे कार्यक्रम नाहीत. हे सगळं दहा-अकरा वर्षं. वाचून थकली असशील तर तेही उत्तरच आहे.

सेक्रेटरींचं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरीही नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. हे तुला ठाऊक असावं, पण पहिल्या भेटीत तोंडावर फेकू नये. तुझी खरी गाठ घरमालकांशी आहे. तुमच्या करारात पाळीव प्राण्यांबद्दल काय लिहिलंय ते आधी वाच. क्लेम्सच्या माणसाला बारीक अक्षरांची भीती नसते. त्यांची लेखी परवानगी घे, व्हॉट्सॲपवर का होईना. मग काळीच्या नसबंदीचा आणि रेबीजच्या लसीचा दाखला आणि महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना अशी फाइल करून सेक्रेटरींकडे जा. तो परवाना पुण्यात घ्यावाच लागतो, पुष्कळ जण घेत नाहीत ते सोड. नियमांचं पालन करणारा भाडेकरू दिसला की पुण्यातला सेक्रेटरी निम्मा विरघळतो. उरलेला निम्मा विरघळण्यासाठी खिशात पिशवी ठेवायची आणि तिनं रस्त्यात केलेलं लगेच उचलायचं, सगळ्यांच्या देखत.

कुत्री आली की अनोळखी माणसं बोलायला लागतात, हे मात्र खरं आहे. इंग्लंडमधल्या जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस यांनी २००० साली हे तपासलं होतं. त्यांच्या प्रयोगात, बरोबर कुत्रा असला की त्याच माणसाशी बोलणारी माणसं कितीतरी वाढली, आणि माणसाचे कपडे गबाळे असले तरी हा फरक टिकला. म्हणजे सकाळी सहाला चुरगळलेल्या गाऊनवर जॅकेट चढवून निघालीस तरी चालेल. पालिकेच्या बहुतेक बागांत कुत्र्यांना आत घेत नाहीत, तेव्हा रस्ते आणि टेकड्याच उरतात. टेकडीवर नेलीस तर पट्टा सोडू नकोस, तिथं मोर आहेत. आणि तिथं तुला एक अजब गोतावळा भेटेल. त्यात कुणाला कुणाचं नाव ठाऊक नसतं. सगळे ब्रूनोचे बाबा, कोकोची आई, शेरूचे आजोबा. ब्रूनोला काल जुलाब झाले हे साऱ्यांना माहीत असतं, ब्रूनोच्या बाबांची बायपास झाली हे कुणालाच माहीत नसतं. तूही वर्षभर 'काळीची आई' म्हणून आनंदात राहशील आणि पुन्हा मला पत्र लिहिशील की, ताई, ओळखी खूप झाल्या, पण एकटं वाटतं ते वाटतंच.

म्हणून तुझ्या पत्रातल्या मला सगळ्यात खटकलेल्या वाक्याकडे येते. चार वर्षांत कुणाकडे काही मागितलं नाही. तुला त्याचा अभिमान का वाटतो, ते कळतं. घटस्फोटानंतर बाईनं काही मागितलं की लोक लगेच 'बघा, सांगितलं होतं ना' असं बघतात, आणि ती नजर टाळायला तू सगळं एकटीनं निभावलंस. गॅसचा सिलिंडर, तापात औषध आणणं, बॅंकेचे फॉर्म. चार वर्षं कौतुकाची आहेत. पण ज्याला कुणाचीच गरज नाही अशा माणसाच्या घरी लोक जात नाहीत, कारण तिथं जाऊन करायचं काय? सेवेतही तू देणारीच आहेस. तिथंही तुला कुणी काही देऊ शकत नाही. तुला पिंजरे सुंदर धुता येतात हे सगळ्यांना कळलंय, आणि तेवढंच कळलंय.

मला आलेल्या एकटेपणाच्या पत्रांत हे फार दिसतं. ही माणसं मदतीला पुढे असतात, वाढदिवस लक्षात ठेवतात, सगळ्यांना स्टेशनवर सोडायला जातात, आणि त्यांच्यासाठी कुणी काही करू म्हटलं की "नको, नको, मी बघते". मग म्हणतात, माझं असं कुणी नाही. काळी आली तर तुझी ही सवय मोडेल, आणि मी तिच्या बाजूनं आहे ती मुख्यतः त्यासाठी. सांगलीला आईचं काही निघालं की दोन दिवस कुत्रीला कुणाकडे ठेवणार? ऑफिसात उशीर झाला तर किल्ली कुणाकडे असणार? रात्री अकराला तिला उलट्या झाल्या तर गाडी कुणाकडे आहे? या प्रश्नांची उत्तरं पैशानंही मिळतात, कुत्री ठेवून घेणारी माणसं पुण्यात आहेत. पण पहिल्या वेळी पैशानं सोडवू नकोस. शेजारच्या काकूंना, कोकोच्या आईला, शेल्टरमधल्या गोचिडी काढणाऱ्या जोडीदारणीला विचार. ज्या दिवशी कुणीतरी तुझ्यासाठी आपली झोप मोडून येईल, त्या दिवसापासून ते माणूस तुला फोन करायला लागेल. ज्याच्यासाठी आपण राबलो त्याची विचारपूस करणं माणसाला जड जात नाही. आणि त्याच्या मुलीच्या दहावीच्या वेळी तू जाशील. तू लिहिलंस 'आडून मागणं'. मी म्हणते, समोरून माग. कुत्री सांभाळायला माग, सोबत माग, चहाला चला म्हण.

राहिले गृहस्थ.

त्यांनी एकच वाक्य उच्चारलं आणि ते कामाचं होतं, हे मला आवडलं. पण त्या वाक्यात तुझ्याविषयी काहीही नाही, सगळं काळीविषयी आहे. दोन आठवड्यांत तू त्यात काय काय घातलंस ते तुला ठाऊक. कुत्र्यांशी मायेनं वागणारा माणूस चांगलाच असणार, असं मुळीच समजू नकोस. माणसांचा राग राग करून प्राण्यांकडे वळलेले लोकही या कामात भेटतात. कुत्रा विश्वासू, माणूस हरामी, हे त्यांचं पालुपद. असा माणूस कुत्र्याच्या जखमेत बोट घालून किडे काढील आणि बायकोच्या तापाकडे बघणार नाही. तेव्हा ते कुत्र्यांशी कसे वागतात ते पाहू नकोस. झाडणाऱ्या मावशींशी कसे बोलतात ते बघ. चुकीची गोळी दिली गेली तर कुणावर ओरडतात. नव्या मुलाला तिसऱ्यांदा तेच समजावताना आवाज कसा होतो. कुणी 'आज जमणार नाही' म्हटलं तर टोमणा मारतात का. दोन-तीन महिने जोडीनं काम करशील तेव्हा हे विचारावं लागणार नाही, दिसेल. कुठल्याच कांदेपोह्यांत हे दिसत नाही.

त्यांना घरी कोण आहे हे मात्र अंदाजानं ठरवू नकोस. बोटात अंगठी नाही, डबा स्वतः आणतात, असले पुरावे क्लेममध्ये तू मान्य केले असतेस का? सरळ विचारता येतं: "रविवारी सकाळी घरचे सोडतात का तुम्हाला?" उत्तर मिळेल. मोकळे असतील आणि तुझ्या मनात टिकून असेल, तर चहाला विचार. पण विचारायचं ते अशा बेतानं की 'नाही' आलं तरी पुढच्या रविवारी दोघांनाही फाटकातून आत येता यावं. चिठ्ठ्या नाहीत, रात्री उशिरा मेसेज नाहीत, दुसऱ्या कुणाकडून निरोप नाही. "औषधांचं मला शिकायचंय, काम झाल्यावर चहा घेऊ या का?" एवढं पुरे. ते "घाई आहे" म्हणाले आणि दुसऱ्यांदाही म्हणाले, तर विषय संपला. नुसती गोळ्या द्यायला शिकून घे, काळीला लागणारच आहेत. ते "चला" म्हणाले, तर गर्दीच्या जागी, दिवसा. रात्री रेस्क्यूचा कॉल आहे, चला बरोबर, असं कुणीही म्हटलं तर तिसरं माणूस असल्याशिवाय जायचं नाही, मग ते कितीही सज्जन असोत. आणि जखमी कुत्र्याच्या ऑपरेशनसाठी कुणी स्वतःच्या खात्यावर पैसे मागितले तर संस्थेची पावती माग. हे त्यांच्याविषयी म्हणत नाही, या कामाच्या आसपास असेही वावरतात म्हणून सांगते.

मैत्री झाली आणि प्रेम झालं नाही, असं होण्याची शक्यता जास्त आहे. तुला ते कमी वाटेल का, हा मला पडलेला प्रश्न. तुझ्या पत्रात साडेसहानंतरच्या घराबद्दल जितक्या ओळी आहेत तितक्या नवऱ्याबद्दल नाहीत.

आता आई. पंढरीची वारी करणाऱ्या घरांत कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तेव्हा ती सांगून आईला पटवायचा मोह होईल. नको. ती गोष्ट तिला तुझ्याहून चांगली येते आणि तिचा प्रश्न कुत्र्याबद्दल नाहीच. तिला विचारायचं असतं की माझ्यामागे तुझं कोण. ते तिला तसं विचारता येत नाही, म्हणून ती लग्नाचं विचारते. त्यावर वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. तू फक्त कुत्रीचे फोटो पाठवणं थांबव आणि माणसांची नावं सांगायला लाग. "आज मंजिरीकडे जेवले", "काकूंनी किल्ली ठेवून घेतली". नावं अर्थात खरी झाल्यावर. आणि दिवाळीला सांगलीला गेलीस की ती दारातच विचारेल, "कुत्रं कुठं ठेवलंस?" तू ज्यांच्याकडे ठेवलंस त्यांचं नाव सांगशील. मग ती विचारेल, "हे कोण?"

तेव्हा घाईनं उत्तर देऊ नकोस, आधी चहा घे. आणि मला कळव, नाव कुणाचं होतं ते.

– ताई